तव्यावरची चार मिनिटं

एडविन लँडसीरचं ‘द मॉनार्क ऑफ द ग्लेन’ हे 1851 मधलं चित्र स्कॉटलंडात गेलेल्या माणसाला चुकवता येत नाही. मूळ चित्र एडिंबरात, राष्ट्रीय कलासंग्रहात आहे; त्याच्या बऱ्यावाईट नकला मात्र बिस्किटांच्या डब्यांपासून खानावळींच्या भिंतींपर्यंत सगळीकडे भेटतात. मागे धुक्यात अर्धे बुडालेले डोंगर आणि पुढे छाती काढून उभा असलेला, बारा टोकांच्या शिंगांचा लाल हरणाचा नर. चित्र देखणं आहे, याबद्दल वाद नाही. पण चुलीच्या बाजूने पाहिलं तर लँडसीरसाहेबांनी नेमकं चुकीचं जनावर निवडलं. असा थोराड नर, त्यातून शरद ऋतूत माजावर आलेला, म्हणजे राठ आणि उग्र दर्पाचं मांस. जाणकार स्वयंपाकी ज्याच्या शोधात असतो ते हरीण कुणी डब्यांवर छापत नाही. त्याचं नाव रो. अंगाने साधारण आपल्या भेकराएवढं, आणि भेकरासारखंच भुंकणारं. रानाच्या कडेकडेने फिरत कोवळे शेंडे, कळ्या, झुडपांची पानं निवडून खाणारं. या चोखंदळ जनावराचं मांसही तितकंच बारीक पोताचं असतं. त्याच्या कण्याला बिलगून दोन्ही बाजूंनी जाणारी मांसाची लांब, गोलसर वादी काढायची, तव्यावर भाजायची आणि रोवन या डोंगरी झाडाच्या फळांची जेली विरघळवलेल्या रसाबरोबर वाढायची. पदार्थ एवढाच. नवशिक्याने पहिल्या प्रयत्नात करावा इतका छोटा, आणि मुरलेल्या माणसाने त्यात पुन्हा पुन्हा काही शोधावं इतका खोल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी. भारतात हा पदार्थ करता येत नाही, आणि करूही नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार बंद झाली. मांस बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते काळविटांवर सोडत असत, त्या दिवसांच्या आठवणी आता जुन्या छायाचित्रांतच बऱ्या. स्कॉटलंडची गोष्ट उलटी आहे. तिथले लांडगे काही शतकांपूर्वीच संपवले गेले. हरणांना निसर्गातला शत्रू उरला नाही आणि कळप वाढत गेले. आज त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असावी असा अंदाज सांगितला जातो. पाइन, बर्च, रोवन यांची रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत हे कळप खाऊन टाकतात, म्हणून जंगल वाढवायचं तर हरणं कमी करावीच लागतात. 2023 पासून नरांच्या शिकारीवरची हंगामबंदीही तिथल्या सरकारने उठवली. माद्यांना मात्र पिलं अंगावर पीत असतात त्या काळात संरक्षण आहे. म्हणजे हे मांस झाडांच्या बाजूने चाललेल्या एका हिशेबातून ताटात येतं. खाणाऱ्याने हे जाणून घेतलेलं बरं. चवीत त्याने फरक पडत नाही, पण घास जरा सरळपणे उतरतो.

चवीत खरा फरक पडतो तो जनावर कसं मेलं याने. पाठलागाने धापा टाकत मेलेल्या हरणाच्या स्नायूंतली साखर आधीच जळून गेलेली असते. मग मेल्यावर मांसात जी आम्लता यायला हवी ती येत नाही आणि ते काळपट, चिकट राहतं. शांत चरताना, कानावर आवाज यायच्या आत एका गोळीत पडलेल्या हरणाचं मांस या वाटेने जात नाही. पुढे ते शीतगृहात, गोठणबिंदूच्या जरा वर, काही दिवस टांगून ठेवतात. या दिवसांत मांसातलीच विकरं तंतूंची घट्ट बांधणी हळूहळू सैल करतात. रोसाठी आठवड्याच्या आतबाहेर पुरतं, लाल हरणाला जास्त दिवस लागतात. ‘हरणाच्या मांसाला वास येतो’ ही जी तक्रार ऐकू येते, ती बहुतेक वेळा या दोन टप्प्यांतल्या हलगर्जीची असते. नीट मारलेल्या आणि नीट टांगलेल्या रोच्या मांसाला नाक लावून पाहावं. थंड लोखंडासारखा, किंचित गोडसर, स्वच्छ गंध येतो. त्यात उग्र असं काही नसतं. ताटातल्या मऊपणाची निम्मी तयारी घरात पिशवी यायच्या आधीच झालेली असते, आणि ज्याने ती केली त्याचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही.

आता तो तुकडा पाटावर घेऊ. मटणाच्या दुकानात आपण मांडी, पुठ, चाप, सीना, गर्दन, खांदा या भाषेत बोलतो. त्या हिशेबाने हा चापाचा आतला गर, हाडापासून मोकळा केलेला. रंग पाहून पहिल्यांदा माणूस दचकतो. बोकडाच्या मांसाचा तांबूसपणा इथे नाही. जवळजवळ जांभळ्याकडे झुकणारा गर्द लाल रंग आहे. हे रक्त नव्हे. सतत धावपळ करणाऱ्या स्नायूंत प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन भरपूर असतं, त्याचा हा रंग. आणि त्यात लोह असतं म्हणून ती लोखंडी चवही. या गर्द रंगावर एका अंगाने एक चंदेरी पापुद्रा चढलेला दिसतो. दिसायला तो फार सुंदर असतो, उजेडात मोत्यासारखी झाक मारतो, आणि नवशिक्याला वाटतं की असू द्यावा. तो काढणं हे या पदार्थातलं पहिलं कसब. हा पापुद्रा उष्णतेने विरघळत नाही, आक्रसतो. नाडी ओढल्यावर परकर चुणावा तसा तो मांसाला एका बाजूने ओढून घेतो. तुकडा तव्यावर धनुष्यासारखा वाकतो आणि त्याची निम्मी बाजू तव्याला टेकतच नाही.

पापुद्रा काढताना जाणत्याचा हात पाहण्यासारखा असतो. अरुंद पात्याच्या सुरीचं टोक एका कडेला पापुद्र्याखाली सरकवायचं, बोटभर पट्टी सोडवून ती डाव्या हाताने घट्ट धरायची आणि पात्याची धार मांसाकडे न ठेवता किंचित वर, पापुद्र्याकडे वळवायची. मग सुरी ढकलायची नाही. पट्टी ओढायची आणि सुरीला जागेवर हलकेच पुढेमागे करू द्यायचं. चांगल्या हाताने काढलेली पट्टी इतकी पातळ निघते की तिच्यातून पाटाच्या रेषा दिसतात, आणि तिला मांसाचा कणही चिकटलेला नसतो. खालचा गर रेशमासारखा गुळगुळीत राहतो, त्यावर सुरीची एकही खाच नाही. नवशिक्याच्या पट्ट्या जाड निघतील, तुकडे पडतील. त्याने वाईट वाटून घेऊ नये, ते सगळं रसाच्या पातेल्यात कामाला येतं. मला तर कुणाच्या हाताची पारख करायची झाली तर मी शिजलेला पदार्थ चाखण्याआधी त्याने काढलेल्या पट्ट्या पाहीन.

मांस निवडून झालं की लक्षात येतं, यात चरबी कुठेच नाही. पाठीच्या मांसात शंभर ग्रॅमला जेमतेम दोन-तीन ग्रॅम. आपल्याकडे मटण घेताना चरबीचा एखादा तुकडा मुद्दाम मागून घेणारे रसिक असतात आणि त्यांचं बरोबर असतं. बोकडाचा स्वाद त्या चरबीतच दडलेला असतो. हरणाच्या बाबतीत हा शहाणपणा सोडावा लागतो. त्याच्या अंगावर जी थोडी चरबी असते ती घट्ट जातीची, ताटात गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटणारी. ती काढूनच टाकतात. मग ओलावा कुठून आणायचा? जुन्या युरोपीय स्वयंपाक्यांनी यावर एक नजाकतीचा उपाय काढला होता. डुकराच्या चरबीच्या काडीएवढ्या पट्ट्या करायच्या आणि पोकळ सुईने त्या मांसात धाग्यासारख्या ओवायच्या. कापल्यावर गर्द लाल चकतीत पांढरे ठिपके उमटत. विद्या म्हणून त्याला दाद द्यावी. पण आपल्या पदार्थाने त्याहून धीट मार्ग पत्करला आहे. चरबी नाही ना, मग मांस कोरडं पडण्याआधीच थांबायचं. बाहेरून काही भरायचं नाही, आतलं जाऊ द्यायचं नाही. या पदार्थाची पुढची सगळी रीत या एका निर्णयातून निघते.

इथे मराठी स्वयंपाकघरातून आलेल्या माणसाची खरी कसोटी लागते. आपल्याला मांस म्हणजे शिजवायची वस्तू. वाफ, रस्सा, कुकरच्या शिट्ट्या, आणि हाडावरून सुटलेला तुकडा. ‘अजून कच्चं आहे’ हा आपल्याकडे करणाऱ्यावरचा ठपका असतो. हरणाच्या पाठीला हा न्याय लावला तर ती पंधरा मिनिटांत राखाडी, करकरीत आणि कलेजीच्या वासाची होते, आणि माणूस कायमचा म्हणत राहतो की हरीण काही चवीचं नसतं. कारण सरळ आहे. मांसाच्या आतलं तापमान पन्नास अंशांच्या पुढे गेलं की प्रथिनांचा एक गट बांधला जातो आणि मांसाला धरण येतं. ते पासष्टच्या पुढे सरकलं की दुसरा गट आवळतो आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतो. चरबीवालं मांस त्यानंतरही सावरून घेतं, हरणाकडे सावरायला काही नसतं. म्हणून चौपन्न ते सत्तावन्न अंश, एवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात त्याला आणून सोडायचं. मांसात खुपसायचा तापमापक नवशिक्याने खुशाल वापरावा, त्यात कमीपणा नाही. बोटाने दाबून ओळखणारे लोक असतात. पण त्यांचीही बोटं कधीतरी तापमापकापाशीच शिकलेली असतात.

मीठ लावण्याची वेळ दोनच: तव्यावर टाकायच्या तासभर आधी, नाहीतर अगदी टाकता टाकता. मधल्या दहा-पंधरा मिनिटांत मीठ पाणी बाहेर ओढतं आणि ते पुन्हा आत मुरलेलं नसतं. तसा ओला तुकडा तव्यावर गेला की आधी वाफाळतो, मग भाजतो, आणि तोवर आतून जास्त झालेला असतो. तासभर दिला तर ते पाणी मीठ घेऊन परत आत जातं. त्यानंतर कागदाने टिपून तुकडा कोरडा ठणठणीत करायचा. ही पायरी सगळ्यांना क्षुल्लक वाटते. मला ती या पदार्थातली सगळ्यात सुसंस्कृत हालचाल वाटते, कारण पुढे तव्यावर जे घडतं त्याला लागणारा वेळ ती वाचवते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभरापुढे जात नाही, आणि तपकिरी खमंग पापुद्रा धरतो तो एकशे चाळीस अंशांच्या आसपास.

तवा बिडाचा हवा, जड हवा. तेलाचा हात फिरवून तो धूर सोडायच्या बेतात आला की तुकडा ठेवायचा, आपल्यापासून दूर पडेल असा. आवाज ऐकावा. चरचर भरीव आणि अखंड असेल तर तवा बरोबर तापला आहे. आवाज मलूल झाला तर तवा दमला, मध्येच तडतडला तर ओल राहिली. रोची पाठ मनगटापेक्षा जाड नसते, म्हणून चार बाजू कल्पायच्या आणि प्रत्येकीला मिनिटभर द्यायचं. मधे उचलून बघायचं नाही. पापुद्रा धरला की मांस स्वतःहून तवा सोडतं. शेवटच्या बाजूच्या वेळी आच कमी करून लोण्याचा मोठा गोळा, ठेचलेली लसणाची पाकळी आणि थाइमची काडी. लोणी फेसाळतं, त्याचा फेस बसायला लागतो, खमंग वास सुटतो, आणि तवा तिरका करून चमच्याने ते मांसावर ओतत राहायचं. लोणी शेवटी का, याचं उत्तर त्या वासातच आहे. आधी टाकलं असतं तर त्यातला दुधाचा अंश जळून काळा आणि कडवट झाला असता. आता तो फक्त बदामी होतो. बिनचरबीच्या मांसाला चरबीचा साज हवाच होता. तो आत न कोंबता अखेरच्या मिनिटात वरून पांघरला, ही त्या क्रमातली खुबी.

आणि मग खाली उतरवायचं. आतलं तापमान पन्नासच्या जरा पुढे असताना, म्हणजे सगळ्या अंतःप्रेरणा ‘अजून थोडं’ म्हणत असताना. तुकडा जाळीवर किंवा लाकडी पाटावर ठेवायचा, वर कागद सैलसर टाकायचा आणि आठ-दहा मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. ही विश्रांती म्हणजे शिजवण्याचाच उत्तरार्ध. बाहेरच्या थरातली उष्णता आत सरकत राहते, मध्याचं तापमान विस्तवाशिवाय चार-पाच अंशांनी चढतं. ताणलेले तंतू सैलावतात, रस जरा दाट होतो आणि कापल्यावर पाटभर वाहत नाही. रानातलं रो मिळालं नाही तरी ही रीत अडत नाही, पाळीव हरणही चालतं. स्कॉटलंडातल्या फाइफ परगण्यात ऑक्टरमक्टीजवळ 1970 च्या दशकात जॉन आणि निकोला फ्लेचर या दांपत्याने हरीणपालन सुरू केलं, ब्रिटनमधल्या अशा पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना होते. निकोलाबाईंनी पुढे हरणाच्या मांसावर पुस्तकं लिहिली, आणि घरच्या स्वयंपाक्याच्या मनातली त्याची भीती घालवली. दुकानांत सहज मिळणारं पाळीव लाल हरणाचं मांस आज अनेकांची पहिली ओळख असतं, आणि नवशिक्याने तिथून, मांडीच्या जाड कापापासून सुरुवात केली तरी चालतं. रीत तीच, मात्र काप जाड असेल तर तव्यानंतर भट्टीत काही मिनिटं द्यावी लागतात.

विश्रांतीची ती मिनिटं रिकामी जात नाहीत, कारण तव्याच्या तळाला चिकटलेला तपकिरी खजिना वाट पाहत असतो. जास्तीचं लोणी काढून त्यावर बारीक चिरलेले छोटे सांबार कांदे परतायचे, पाच-सहा जुनिपर ठेचून टाकायचे, आणि हाडं व त्या चंदेरी पापुद्र्याच्या पट्ट्या उकळून आटवलेलं पाणी वाटीभर ओतून तळ खरवडायचा. जुनिपर आपल्याला अगदीच परका नाही. आयुर्वेदातली हपुषा ती हीच, आणि जिन या दारूचा वासही याचाच. बोरासारखं दिसतं, पण ते फळ नव्हे, सूचिपर्णी झुडपाचा मांसल शंकू आहे. तो पिकायला दोन-तीन वर्षं घेतो, त्यामुळे एकाच फांदीवर हिरवे आणि निळे मणी शेजारी शेजारी दिसतात. ठेचल्यावर राळेचा, मिरीचा, संत्र्याच्या सालीचा असा मिसळलेला दरवळ येतो. मांसातल्या लोखंडी गोडव्याला हा राळेचा काठ फार शोभतो. जुनिपरची कोवळी रोपं हरणंच खाऊन टाकतात, अशी स्कॉटलंडातल्या वनरक्षकांची तक्रार आहे. तव्यात दोघांची गाठ पडते तेव्हा रानातलं एक जुनं भांडण मिटल्यासारखं वाटतं.

पण रसाला खरं व्यक्तिमत्त्व देते ती रोवनची जेली. रोवन म्हणजे शेंदरी फळांचे घोस लागणारं डोंगराळ झाड. चेटूक दूर राहावं म्हणून जुन्या स्कॉटिश घरांच्या दाराशी ते लावत. फळ कच्चं तोंडात घालवत नाही इतकं तुरट आणि कडू. त्यातलं एक आम्ल शिजवल्यावर रूप बदलतं आणि निरुपद्रवी होतं. हे बदललेलं आम्ल हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1859 मध्ये रोवनच्याच तेलातून वेगळं केलं, आणि आज जगभरच्या डबाबंद पदार्थांत ते टिकाऊपणासाठी वापरतात. घरी जेली करताना फळांत आंबट सफरचंदं घालतात, कारण जेली धरायला लागणारं पेक्टिन आणि थोडी सौम्यता ती पुरवतात. तयार जेली माणकासारखी दिसते आणि चवीला आधी गोड, मग आंबट, आणि घास गिळल्यावर मागून येणारी बारीक कडवट झाक. तीच महत्त्वाची. इंग्लंडमध्ये याच जागी रेडकरंटची जेली घालतात. ती गुणाची आहे, पण तिच्यात गोड-आंबटाच्या पुढे काही नाही. रोवनचा कडवटपणा तव्यावरच्या करपट कडांशी सूत जुळवतो आणि रसाला गोडसर होण्यापासून वाचवतो. रसात ती फक्त चमचाभर विरघळवायची, मग विस्तव बंद करून थंड लोण्याचा खडा घालत भांडं गोल फिरवायचं. रस चमकदार होतो, चमच्याच्या पाठीला पातळ थर धरतो. चवीत जेली वेगळी ओळखू आली तर ती जास्त झाली.

कापताना तंतूंची दिशा पाहून आडवं कापायचं, करंगळीएवढ्या जाड चकत्या. कडेला गर्द तपकिरी, बोटाच्या नखाएवढीही नसलेली रेघ. तिच्या आत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग गुलाबी. चांगल्या कारागिराची खूण ही सलगता. घाईने भाजलेल्या तुकड्यात बाहेर राखाडी जाड पट्टा आणि मध्ये कच्चा जांभळा डोळा दिसतो. ताटल्या गरम हव्यात, कारण बिनचरबीचं मांस झटकन गार होतं आणि वर पांघरलेलं लोणी गोठतं. सोबतीला स्कर्ली: चरबीत किंवा लोण्यात कांदा परतून त्यात ओटची जाडी भरड खमंग होईपर्यंत भाजायची, मीठ आणि मिरी सढळ. चपट्या पाकळ्यांचे ओट्स इथे चालत नाहीत, लगदा होतो. भाजणीच्या वासावर वाढलेल्या माणसाला स्कर्ली पहिल्या घासात आवडते. मऊ मांसाशेजारी ती दाताखाली कुरकुरते आणि रस शोषून घेते. ताटलीत तिच्याइतकं समजूतदार दुसरं काही नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. गुलाबी ठेवायचा तो अख्खा तुकडाच. खिमा किंवा त्याच्या टिक्क्या पूर्ण शिजवायच्या. गरोदर बाईने गुलाबी मांस टाळावं, रानटी जनावरांत टोक्सोप्लाझ्मासारखे परजीवी असू शकतात. शिशाच्या गोळीने मारलेल्या शिकारीचं मांस लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी टाळावं, असा ब्रिटनच्या अन्नसुरक्षा यंत्रणेचा सल्ला आहे. दुकानदाराला विचारलं तर तो सहसा सांगतो.

पाठीवर ज्याचा हात बसला त्याने मग खांदा आणावा. तिथे सगळे नियम उलटतात, आणि मराठी हात एकदम घरी आल्यासारखा चालू लागतो. खांद्याने आयुष्यभर ओझं उचललेलं असतं. त्यातल्या संयोजी ऊतींचं सरसात रूपांतर व्हायला मंद आच आणि तीन तास लागतात. इथे घाई करणारा फसतो, जसा पाठीपाशी रेंगाळणारा फसला होता. मोठे तुकडे तांबूस परतून, कांदा भरपूर, पाणी तुकडे जेमतेम बुडतील इतकंच, झाकण घट्ट. मसाला मात्र बेताने. लाल तिखटाचा जाळ हरणाची नाजूक चव गिळून टाकतो. काळी मिरी, जायपत्री, दोन लवंगा आणि एक मोठी चिमूट दगडफूल एवढं पुष्कळ. दगडफुलाचा मी खास आग्रह धरेन. ते झाडाखडकांवरचं शैवाक, आपल्या काळ्या मसाल्यातला तो ओल्या मातीचा आणि सालीचा वास त्याचाच. जुनिपर राळेच्या बाजूने जे काम करतो ते दगडफूल मातीच्या बाजूने करतं. रोवनच्या आंबटतुरट जागी शेवटच्या अर्ध्या तासात दोन आमसुलं टाकली तर रस्सा जांभळट होतो आणि चव खुलते. हा स्कॉटिश पदार्थ उरत नाही, मराठीही पुरता होत नाही. एडिंबरा-ग्लासगोच्या थंडीत, भाकरीबरोबर, तो आपल्या पायावर नीट उभा राहतो. दुसऱ्या दिवशी तर जास्तच, कारण सरस रात्रभरात रश्शाला अंग देतो. खाटकाकडे खांदा मागताना एवढंच सांगावं, की हाड काढू नका, दोन ठिकाणी तोडून द्या.